कर्णबधिर माणसाच्या मनाचं काय? पाळण्यापासून म्हातारपणापर्यंत

23 सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन. कोकणात तो गणपतीच्या धामधुमीत किंवा तिच्या जरा मागेपुढे येतो. पेपरात शाळेतल्या मुलांचा एखादा फोटो छापून येतो आणि विषय तिथेच संपतो. वाडीवाडीत मात्र एक वाक्य बारा महिने ऐकू येतं, "त्याला ऐकायला येत नाही ना, म्हणून तो असा तापट." त्याचंच दुसरं रूप म्हणजे, "बहिरी माणसं संशयीच असतात."

हे म्हणणारी माणसं वाईट नसतात. त्यांना खरंच कोडं पडलेलं असतं. मुलगा अंगापिंडाने धडधाकट आहे, कामाला वाघ आहे, मग असा एकाएकी भडकतो का? महिनोन् महिने गप्प का राहतो? उत्तर कानात शोधायचं की आणखी कुठे, हेच इथे सोप्या भाषेत मांडायचं आहे.

कर्णबधिर कोणाला म्हणायचं?

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. आपलं नेहमीचं बोलणं साधारण 60 डेसिबलचं असतं. ज्याच्या दोन्ही कानांची श्रवणहानी 70 डेसिबल किंवा त्याहून जास्त आहे, त्याला 2016 चा दिव्यांग हक्क कायदा कर्णबधिर मानतो. म्हणजे शेजारी बसून केलेल्या गप्पाही त्याला यंत्राशिवाय पोचत नाहीत. 2011 च्या जनगणनेत देशात 50 लाखांहून अधिक माणसांची नोंद ऐकण्याच्या अपंगत्वाखाली झाली.

यात दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत. काही जण जन्मापासून किंवा बोलायला शिकण्याआधीच बधिर असतात. काहींचे कान आयुष्यभर साथ देतात आणि साठीनंतर हळूहळू मंदावतात. दोघांच्या मनावर येणारा भार सारखा नाही. आधी पहिल्यांबद्दल.

बिघाड कानात, दुखणं कुठे?

कर्णबधिर माणसांमध्ये नैराश्य, चिंता आणि मनाचे इतर आजार ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त आढळतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. लगेच वाटतं, ऐकू न येणं हेच दुःखाचं कारण असणार. पण 2012 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या विषयाचा मोठा आढावा आला, त्यातली एक गोष्ट डोळे उघडणारी आहे. ज्या कर्णबधिर मुलांना आपलं म्हणणं घरच्यांना समजावता येत नाही, त्यांना मानसिक आजार होण्याची शक्यता चौपट असते. ही तुलना ऐकू येणाऱ्या मुलांशी नाही. घरात संवाद असलेल्या दुसऱ्या कर्णबधिर मुलांशी आहे. कान दोघांचे सारखेच, फरक घराचा.

आता याला दुसरी गोष्ट जोडा. दहातल्या नऊहून अधिक कर्णबधिर मुलांचे आईबाप ऐकणारे असतात. बाळ येईपर्यंत त्यांनी बहुधा एकही कर्णबधिर माणूस जवळून पाहिलेला नसतो. मायेला ती कमी नसतात. माया पोचवायला दोघांना समजेल अशी भाषा मात्र घरात नसते.

पहिली पाच वर्षं

ऐकणारं बाळ भाषा शिकायला कुठे जात नाही. आजी जात्यावर बसल्यासारखी दिवसभर काहीबाही पुटपुटते, काकू मासेवालीशी भाव करते, वडील फोनवर कोणाला तरी झापतात, आणि ते सगळं बाळाच्या डोक्यात मुरत राहतं. बधिर बाळाच्या बाबतीत हा झरा पहिल्या दिवसापासून आटलेला असतो.

मेंदूची भाषा धरण्याची ताकद पहिल्या पाचेक वर्षांत सर्वांत जास्त असते. भाताचं तसंच आहे. तरवा वेळेत पेरला नाही, तर पुढे श्रावणात कितीही कोसळला तरी लावणीला रोपं कुठून आणणार? या वर्षांत मुलाला कोणतीच भाषा पुरी मिळाली नाही, ना बोलण्याची ना हातांची, तर त्या अवस्थेला तज्ज्ञ भाषावंचना म्हणतात. अशी मुलं चार-दोन घरगुती खुणांवर वाढतात: जेवण, पाणी, झोप, मार, बाहेर.

या खुणांवर पोट चालतं, मन चालत नाही. 'उद्या बाबा मुंबईला जाणार, पण शिमग्याला परत येणार' हे कुठल्या खुणेने सांगणार? मुलाला एवढंच दिसतं की बाबा बॅग घेऊन एसटीत चढले. ते परत येणार हे त्याला कोणी सांगितलेलं नाही, सांगता आलेलं नाही. तो रडतो, वस्तू फेकतो. घरचे म्हणतात, हट्टी आहे. राग, लाज, मत्सर, हुरहूर यांना नाव मिळालं की माणूस त्यांना आवर घालायला शिकतो. नाव मिळालं नाही की ते सगळं हातापायांतून बाहेर येतं. 'तापट' स्वभावाचा बराचसा उलगडा इथेच होतो.

म्हणून तपासणी लवकर हवी. जगभर मानला जाणारा नियम असा आहे की पहिल्या महिन्यात कानांची चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाय सुरू. बाळ झोपेत असताना कानात छोटी बोंडी ठेवून काही मिनिटांत होणारी चाचणी आहे, दुखत नाही, खुपत नाही. बाळंतपण झालेल्या दवाखान्यात ती झाली का, एवढं विचारायला विसरू नका. आपल्याकडे अजूनही 'याचे वडीलही उशिराच बोलले' म्हणत तीन-तीन वर्षं काढली जातात, आणि ही वर्षं पुन्हा मिळत नाहीत.

"हातांनी शिकवलं तर तोंडाने बोलणार नाही"

ही भीती बहुतेक प्रत्येक आईच्या मनात असते आणि तिला इतिहास आहे. 1880 मध्ये इटलीतल्या मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. तिथे ठरलं की शाळांत फक्त तोंडी बोलणं शिकवायचं, सांकेतिक भाषा बाहेर काढायची. ठरवणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते. त्याचे पडसाद जगभर उमटले, हात वापरले म्हणून पोरांनी मार खाल्ला. 2010 मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या परिषदेत त्या ठरावाबद्दल अखेर खेद व्यक्त झाला. मधे एकशेतीस वर्षं गेली.

सांकेतिक भाषेमुळे बोलणं खुंटतं, हे अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. उलट आधी एखादी भाषा पक्की झाली की दुसरीला आधार मिळतो. भारतीय सांकेतिक भाषा ही खुणांची गंमत नाही. तिला स्वतःचं व्याकरण आहे. प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो, चेहऱ्याच्या हालचालींनाही अर्थ असतो. तिच्यात विनोद होतात, भांडणं होतात, प्रेमपत्रंही होतात.

मग कॉक्लिअर इम्प्लांटचं काय? शस्त्रक्रिया करून कानाच्या आतल्या भागात बसवतात ते हे यंत्र. अनेक मुलांना त्याचा मोठा फायदा होतो, सरकारी योजनाही आहे. पण यंत्र बसलं म्हणजे ऐकणं आलं असं होत नाही. पुढे कित्येक महिने, वर्षं उच्चारोपचार लागतात. सावंतवाडीच्या आतल्या गावातून दर आठवड्याला थेरपीला जाणं म्हणजे बापाचा एक रोज बुडणं. रात्री झोपताना आणि आंघोळीला यंत्राचा बाहेरचा भाग काढावाच लागतो. आणि आपल्या किनाऱ्यावरची दमट हवा तर श्रवणयंत्राची वैरीण. पावसाळ्यात नळीत पाण्याचे थेंब धरतात, आवाज फुटतो. रात्री ते ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या डबीत ठेवायचं, हे देताना कोणी सांगत नाही. मग 'मशीन बिघडलं' म्हणून ते कपाटात जातं. यंत्र घ्यावंच, पण मुलाची सगळी भाषा त्या एका यंत्रावर टांगून ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

"ओठ वाचता येतात की त्याला"

आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता म्हणा: पाळ, बाळ, माळ. तिन्ही शब्दांना ओठ अगदी एकसारखे मिटतात. क आणि ग तर घशात होतात, ओठांवर त्यांचा पत्ताच नसतो. म्हणजे ओठ वाचणारा माणूस निम्म्याहून जास्त अंदाज बांधत असतो. समोरच्याला दाट मिशी असेल, तोंडात पान असेल, पाठीमागून उजेड येत असेल, तर अंदाजही संपला. करोनात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले तेव्हा यांचं जग एका दिवसात बंद झालं.

दिवसभर असे अंदाज बांधून डोकं शिणतं. कामावरून आलेला कर्णबधिर माणूस कोणाशी न बोलता आडवा पडतो, तो घुम्या असतो म्हणून नाही. थकलेला असतो.

घरभर माणसं आणि तो एकटा

गणपतीत कोकणातलं घर पाहा. मुंबईहून चाकरमानी आलेत, पडवीत बॅगा, माजघरात मोदकांची पातेली, प्रत्येक खोलीत दोन-तीन गप्पांचे फड. या गर्दीत मखराचं सगळं काम केलेला पंचविशीतला कर्णबधिर मुलगा खांबाला टेकून बसलेला असतो. मोठे काका उभे राहून गाऱ्हाणं घालतात. घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन देवाकडे काहीतरी मागतात आणि सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा." त्याला दिसतं ते इतकंच, की काकांचे ओठ हलले आणि मग पंधरा तोंडं एकदम उघडली आणि मिटली. त्याच्या नावानेही काहीतरी मागितलं गेलं. काय, ते त्याला माहीत नाही.

मग जेवायला पंगत बसते. कोणीतरी काही बोलतं, सगळे खो खो हसतात. तो शेजारच्याला खुणेने विचारतो, काय झालं? शेजारचा हसू पुसत म्हणतो, "काय नाय रे, मगे सांगतंय." ते 'मगे' कधी येत नाही.

यात कोणीही त्याला दुखवलेलं नाही. पण हे वर्षभर, रोज, प्रत्येक ताटावर होतं. जगभरचे कर्णबधिर लोक आपल्या बालपणाबद्दल सांगताना जेवणाच्या वेळेची हीच आठवण काढतात. आणि नुकसान फक्त एकटेपणाचं नाही. घरात कोण आजारी आहे, जमिनीचा वाद कुठवर आलाय, मामाचं लग्न का मोडलं, हे आपल्याला कोणी बसवून शिकवलेलं नसतं, कानावर पडलेलं असतं. ज्याच्या कानावर काहीच पडत नाही, त्याला प्रत्येक गोष्ट एकाएकी घडल्यासारखी वाटते. सगळे कुजबुजताहेत, आपल्याकडे बघून गप्प होताहेत, आणि आपल्याला कोणी सांगत नाही. अशा माणसाला संशयी म्हणण्याआधी आपण त्याला किती सांगितलं, हे मोजलं पाहिजे.

वयात येताना

मुलींचा प्रश्न मला फार अस्वस्थ करतो. पाळी येणार हे मैत्रिणींच्या कुजबुजीतून, आत्याच्या बोलण्यातून कळतं. बधिर मुलीला ते एक दिवस रक्त दिसल्यावर कळतं, आणि आपल्याला काहीतरी भयंकर झालंय असं ती समजते. कोणता स्पर्श चांगला, कोणता वाईट, हेही तिला कोणी सांगितलेलं नसतं. लैंगिक अत्याचाराचा धोका कर्णबधिर मुलामुलींना जास्त असतो, कारण अत्याचार करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की हे मूल सांगू शकणार नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यात मुलाचा जबाब घेताना दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घेण्याची तरतूद आहे. पोलीस ठाण्यात गेल्यावर ती मागा. पण मुलाला मुळात भाषाच दिलेली नसेल, तर दुभाषी तरी कोणाचं भाषांतर करणार?

मोठेपणी: काम, जोडीदार, काळोख

मोठेपणी बरेच जण सावरतात, आणि सावरण्याचा मार्ग जवळजवळ एकच असतो: दुसरी कर्णबधिर माणसं भेटणं. शाळेत, मुंबईत एखाद्या संघटनेत, कधी रेल्वेच्या डब्यात. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याचं सगळं समजतं आणि आपलं सगळं त्याला समजतं. अनेकांची लग्नं अशीच जुळतात. मोबाइलवरच्या व्हिडिओ कॉलने तर क्रांती केली. गावात राहूनही बोरिवलीतल्या मित्राशी तासन् तास हातांनी बोलता येतं. घरच्यांना वाटतं पोरगं मोबाइलच्या नादी लागलं. ते दिवसभराचं साठलेलं बोलत असतं. डोंगराआडच्या वाडीत डेटाची रेंज नसणं, ही इतरांना गैरसोय असेल, त्याच्यासाठी तो मनाच्या आरोग्याचा प्रश्न आहे.

हे 'निसर्ग' नावाच्या चक्रीवादळात कळलं. 3 जून 2020 ला ते रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि नंतर कितीतरी गावं अनेक दिवस वीज आणि नेटवर्कशिवाय होती. ऐकणारी माणसं काळोखातही एकमेकांना हाका मारतात, धीर देतात. हातांनी बोलणाऱ्याला काळोखात समोरचे हातच दिसत नाहीत. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी चढलं, तेव्हा सावध करायला होत्या त्या आरोळ्या आणि भोंगे. अशा प्रसंगांची भीती मनात घर करते, पावसाची झड लागली की झोप उडते. गावाच्या आपत्ती आराखड्यात कर्णबधिर माणसाच्या घरी जाऊन त्याला हलवून उठवणाऱ्याचं नाव लिहिलेलं असावं, ही मागणी ग्रामसभेत करायला पैसा लागत नाही.

डॉक्टरांपर्यंत पोचल्यावर

समजा, घरचे त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन गेले. डॉक्टर विचारतात, "झोप लागते का?" भाऊ त्याच्याकडे न पाहताच सांगतो, "झोपतो की, दुपारचाही झोपतो." "मरावंसं वाटतं का?" "छे, असलं काही नाही." दहा मिनिटांत तपासणी आटोपते. ज्याची तपासणी झाली, त्याला एकही प्रश्न कळलेला नसतो. आणि त्याचं दुखणं जर त्या भावाशीच निगडित असेल तर?

चुका इथून सुरू होतात. भाषावंचनेमुळे तुटक खुणा करणाऱ्याला मतिमंद ठरवलं जातं. जोरजोरात, भरभर हात हलवणाऱ्याला उन्माद झालाय असं वाटतं, खरं तर तो फक्त तावातावाने बोलत असतो. स्किझोफ्रेनियात ऐकणाऱ्या रुग्णांना नसलेले आवाज ऐकू येतात. जन्मजात बधिर रुग्णांपैकी काहींना त्याऐवजी न दिसणारं कोणीतरी आपल्याशी हातांनी बोलतंय असं जाणवतं. हे माहीत नसलेला डॉक्टर 'आवाज ऐकू येतात का?' एवढंच विचारून थांबतो. आणि अशा रुग्णाचे हात बांधले, तर ते त्याच्या तोंडात बोळा कोंबण्यासारखंच आहे.

"मग कागदावर लिहून विचारा ना," असं सहज सुचतं. पण मराठी ही त्याची पहिली भाषा नसते, अनेकांना ती शाळेत अर्धीमुर्धीच मिळते. 'उदास वाटतं का' हे वाक्य वाचून तो समजला नसला तरी मान डोलावतो, कारण मान डोलावली की लोक चिडत नाहीत, हे तो लहानपणापासून शिकलेला असतो.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार रुग्णाला उपचारांची माहिती समजेल अशा भाषेत मिळण्याचा आणि ती गुप्त राहण्याचा हक्क आहे. त्यामुळे दुभाषी मागणं हा आगाऊपणा नव्हे. प्रत्यक्ष दुभाषी मिळणं अवघड आहे, देशातच ते मोजके. पण व्हिडिओ कॉलवर दुभाषी घेता येतो. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय हे राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक, आणि किनाऱ्यावरचे कितीतरी रुग्ण तिथेच येतात. तिथे आणि जिल्हा रुग्णालयांत एक टॅब, एक दुभाष्याचा नंबर आणि दुप्पट वेळेची अपॉइंटमेंट, एवढी सोय झाली तरी खूप बदलेल. 14416 ही मनाच्या आजारांसाठीची सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 2022 पासून आहे. ती मुळात फोनवरच्या बोलण्यावर उभी आहे. तरी घरातल्या ऐकणाऱ्या माणसाने तिथे फोन करून सल्ला घ्यावा. विशेषतः जीव देण्याची खूण कोणी एकदा जरी केली, तरी तिला नाटक समजू नये.

म्हातारपण

आता दुसरी वाट. साठीच्या पुढच्या चौघांतल्या एकाला तरी त्रास व्हावा इतकी श्रवणहानी असते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोकणात यात चिरेखाणीत यंत्राशेजारी, बोटीच्या डिझेल इंजिनाजवळ उमेदीची वर्षं घालवलेले पुष्कळ आहेत. मुलं मुंबईत, घरात दोघंच. फोनवर नातू काय बोलतो ते कळत नाही, म्हणून आजोबा फोन आजीकडे देतात. पुढे भजनाला जाणं सोडतात, मग देवळात, मग बाजारात. लोक म्हणतात वय झालं. श्रवणहानी हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या मोठ्या कारणांपैकी एक आहे, हे 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ समितीने 2017 पासून तीनदा मांडलंय. चष्मा लावायला कोणी लाजत नाही. कानाला यंत्र लावायला लाजून माणसं आपलं जग गमावतात.

आयुष्यभर हातांनी बोललेल्या वृद्धाचं दुःख निराळं. संधिवाताने बोटं आखडतात, मोतीबिंदूने समोरचे हात धूसर होतात. जोडीदार गेला की त्या भाषेत बोलणारं घरात कोणीच उरत नाही. अशा आजीला वृद्धाश्रमात ठेवताना तिथे हातांनी बोलणारं दुसरं कोणी आहे का, हा पहिला प्रश्न हवा. जेवण आणि पंखा नंतर.

"आता वय झालं, आता शिकून काय?"

तरव्याचं उदाहरण वाचून मोठ्या मुलांच्या आईबापांचा धीर सुटू नये. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशात 1970 च्या दशकाच्या शेवटी कर्णबधिर मुलांची शाळा सुरू झाली. घरगुती खुणा घेऊन आलेल्या मुलांनी एकमेकांत मिसळून एक नवी सांकेतिक भाषा घडवली आणि मागून आलेल्या लहानग्यांनी ती समृद्ध केली. त्या पहिल्या पिढीतल्या काही मोठ्यांकडे 'वाटणं', 'माहीत असणं' यांच्या खुणा फारच थोड्या होत्या. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळं काही असू शकतं, हे ओळखायच्या चाचणीतही ती मागे पडली. नंतर ती लहान पिढीत मिसळू लागली, त्या खुणा शिकली, आणि काही वर्षांनी घेतलेल्या चाचणीत पुढे गेली. तोवर ती विशी ओलांडलेली होती. उशीर झाला तर सगळं भरून निघत नाही, पण बरंच निघतं.

सुरुवात घरच्यांनी करायची आहे. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र 2015 मध्ये दिल्लीत सुरू झालं. 2021 पर्यंत त्याच्या कोशात 10 हजार शब्द झाले होते आणि त्यांचे व्हिडिओ मोबाइलवर फुकट पाहता येतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, चाचणीपासून प्रशिक्षणापर्यंतची माहिती तिथे मिळते. रोज जेवताना दोन खुणा शिका, आणि त्या फक्त आईने नको. वडील, काका, शेजारची मुलं, सगळ्यांनी शिकाव्यात. जेवण-पाण्याच्या खुणा त्याला येतातच. 'घाबरलास?', 'कोणी काही बोललं का?', 'आम्ही कशावर हसलो ते सांगतो' यांपासून सुरू करा.